वर पांढरी, खाली तांबडी

यंदाही पानं पडायला लागली आणि माझा संशय जागा झाला.

एरवीही तो फारसा झोपत नाही म्हणा. दुधाच्या कॅनवरची तारीख मी दुकानात एकदा वाचते आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा. फोनवर कुणी ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हणालं की ठेवून देते. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "वैशाली, तू चुकून सॉफ्टवेअरमध्ये आलीस, पोलिसात हवी होतीस." म्हणू दे. मी टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. पण ऑक्टोबरची गोष्ट वेगळी. आमच्या एडिसन गावातले मेपल लाल व्हायला लागले की लोक गाड्या काढून पानं बघायला उत्तरेकडे जातात, आणि मी आमच्याच टाउनहाउसच्या रस्त्यावर उभी राहून दिव्यांच्या खांबांकडे बघत बसते. वर नाही, खाली. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीत तिथे काहीतरी उमटलं होतं. कुठे कुठे अजून आहे.

सकाळपासून पानं उडवणाऱ्या लीफ ब्लोअरची घरघर चालू आहे. ओल्या पानांचा तो कुजकट, गोडसर वास, एखाद्या घराच्या पायरीवर ठेवलेला भोपळा, त्याच्या शेजारच्याच घराच्या दारावर झेंडूचं प्लॅस्टिकचं तोरण. आमच्याकडे हॅलोविन आणि दिवाळी एकमेकांच्या अंगावर येतात. एका लॉनवर सांगाडा लटकतो, दुसऱ्यावर आकाशकंदील. मुखवटे घातलेली अनोळखी पोरं दार वाजवतात आणि आपण हसत हसत त्यांना चॉकलेट द्यायचं. सांगा, संशय नाही येणार तर काय!

त्या पानगळीत बाबा आमच्याकडे येऊन वर्ष झालं होतं. आई गेली, नागपूरच्या घराला कुलूप लागलं. मी नुकतीच सिटिझन झाले होते, म्हणून त्यांचं ग्रीन कार्ड करून घेतलं आणि त्यांना इथे आणलं. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. सबंध नोकरी कालव्यांच्या कडेनं चालण्यात गेली. ऊन असो, चिखल असो, हा माणूस चालायचा. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "काहून गं वैशू, इथं चालणारं कोणीच दिसून नाही राहिलं? सगळे आजारी आहेत का?" मी म्हटलं, "बाबा, इथे लोक चालायला जिममध्ये जातात. गाडीनं." त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमधून ते एक पुस्तक घेऊन आले. फ्रान्समधल्या डोंगरांतून आणि खेड्यापाड्यांतून पायी हिंडायच्या वाटा, इंग्रजीत, कोपरे झिजलेलं, कव्हरवर दगडी घरांचं एक गाव आणि गावातून डोंगराकडे जाणारी पांढुरकी वाट. मला तेव्हाही संशय आला. नागपूरच्या माणसाला म्हातारपणी फ्रान्स कुठून सुचला? बाबा म्हणाले, "अगं, बघ तरी. इथं माणसाला चालायला वाट ठेवली आहे. शेतातून जाते, कोणाच्या अंगणातून जाते, गोठ्याच्या बाजूनं जाते, आणि कोणी हाकलत नाही."

"पुस्तकात कोण हाकलेल?" मी म्हटलं. "लिहिणाऱ्याला तिथल्या हॉटेलवाल्यांनी जेवू घातलं असणार."

बाबांनी लक्ष दिलं नाही. जेवताना ते आम्हाला त्या दिवसाची वाट सांगायचे, जणू काही तिकडूनच आत्ता येताहेत. "आज आपण दगडी पूल ओलांडला. मग चढ. चेस्टनटचं जंगल. चेस्टनट म्हणजे काय गं पोट्टे?"

माझी मुलगी सई तेव्हा सहावीत होती. "इट्स लाइक, अ नट, आजोबा."

"बाप्पा! नट तर मलाही समजलं."

मग ते सांगत, वाट रानातून बाहेर येते तेव्हा आधी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात आणि मग गाव दिसतं. गावात कारंजं असतं, पण पाणी पिण्याचं आहे की नाही ते पाटीवर वाचल्याशिवाय प्यायचं नाही. हे मला पटलं. भिंती सुट्या दगडांच्या, त्यांत चुना नाही, सिमेंट नाही, तरी शंभर वर्षं उभ्या. हे बाबांना पटलं. आमच्या टाउनहाउसची भिंत ते बोटानं टकटक करून बघत आणि मान हलवत. दुपारी गावातली सगळी दुकानं बंद, ब्रेड पाहिजे असेल तर सकाळीच घेऊन ठेवा, असंही पुस्तकात होतं. "जावईबापू," बाबा मिलिंदला म्हणाले, "तुमचे पुण्याचे लोक तिकडेही पोचले का?" मिलिंद पुण्याचा. तो बिचारा हसला. पोळी वाढून घेतली.

शिकारीच्या मोसमात रानातून जाताना भडक रंगाची टोपी घाला, असं त्या पुस्तकात होतं. झालं! दुसऱ्या दिवशी बाबांनी मिलिंदची लाल लोकरी टोपी चढवली आणि निघाले. फ्रान्सची एकेक वाट त्यांनी एडिसनवर अंथरली. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे, ती नदी. पांढऱ्या मनोऱ्याचं चर्च होतंच. ओक ट्री रोडवरची साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची रांग, म्हणजे बाजाराचं गाव. डोंगर मात्र काही केल्या मिळेना. शेवटी रेल्वेवरून जाणाऱ्या ओव्हरपासला त्यांनी डोंगर ठरवलं. "आज माथ्यावर वारा फार होता," असं सांगायचे. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. मी त्याच ओव्हरपासवरून रोज गाडीनं जात होते. मला तिथे कधी वारा लागला नाही.

"एकदा जाऊन येऊ का गं?" ते म्हणाले होते. "पाय आहेत तोवर."

"पुढच्या समरला बघू," मी म्हटलं. नोकरीवाल्या माणसाचं ठरलेलं उत्तर.

त्या सप्टेंबरपासून बाबांना परतायला उशीर व्हायला लागला. आधी जेवणाच्या वेळेला घरात असायचे, मग दुपार उलटायची. विचारलं तर म्हणायचे, "आज चढ लांबला." आणि आल्याबरोबर नजर चुकवायचे. मला कळलं! मला सगळं लगेच कळतं. बाबांना डायबेटिस आणि ओक ट्री रोडवर गरम जिलबी. मी त्यांच्या जॅकेटचे खिसे तपासायला लागले. मिठाईच्या दुकानाचा नॅपकिन सापडतो का बघायचे. एकदा तर त्यांचा हात हातात घेऊन, "गार पडलेत हो तुमचे हात," असं म्हणत बोटांचा वास घेतला. पाकाचा नव्हता. काहीतरी केमिकलसारखा होता, तिखट, ओळखीचा. मी म्हटलं, नवीन हँड सॅनिटायझर असेल, आणि सोडून दिलं. जिलबी नाही म्हटल्यावर माझा इंटरेस्टच संपला.

घरातून आणखीही काहीबाही जात होतं. माझी लाल नेलपॉलिशची बाटली गेली. दिवाळीसाठी आणलेली, सील न फोडलेली. मी सईला धरलं. "आई, आय डोन्ट ईव्हन लाइक रेड!" ती ओरडली आणि दार आपटून खोलीत गेली. मला तिचं दार आपटणंही संशयास्पद वाटलं. मिलिंदच्या टेबलावरची व्हाइटनरची बाटली गेली, ती त्यानं ऑफिसात विसरली असणार, असं मी ठरवून टाकलं. घरातल्या घरात माझी तपासणी अशी जोरात चालली होती.

आणि त्याच सुमारास सबनीस काकूंचा फोन आला. सबनीस काकू आमच्या कॉम्प्लेक्समधल्या सगळ्यांत जुन्या. काका गेल्यापासून एकट्या राहतात, आमच्या पुढच्या गल्लीत. कुणाचं ग्रीन कार्ड अडलं, कुणाच्या मुलीला कोण आवडतो, कुणाकडे पाहुणे आले आणि किती राहिले, हे काकूंना त्या त्या घरातल्यांच्या आधी कळतं. त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत शेजारच्या आयसेलिन गावात पोचते.

"वैशाली, तुझ्याकडे खुणा आहेत का गं?"

"कसल्या खुणा, काकू?"

"अगं, खांबांवर. दोन पट्टे. वर पांढरा, खाली तांबडा. बारीकशा आहेत, मुद्दाम बघितल्याशिवाय दिसत नाहीत. आणि माझ्या दारासमोरच्या खांबावर तर फुली आहे, फुली! एक पांढरी रेघ, एक तांबडी. मागच्या गल्लीतही एक फुली आहे. ही चोरांची भाषा असते. देशी घरं हेरताहेत. दिवाळी तोंडावर, सगळ्यांनी लॉकरमधून सोनं घरी आणलेलं."

मी तशीच बाहेर गेले. होत्या. लाइटच्या खांबाच्या बुंध्याला, फायर हायड्रंटच्या नळावर, मेपलच्या खोडाला. नखाएवढ्या दोन आडव्या रेघा. माझ्या अंगावर काटा आला. आणि, कबूल करते, थोडं समाधानही वाटलं. इतकी वर्षं मी सांगत होते की काहीतरी चाललंय. घ्या!

त्या आठवड्यात आमच्या कॉम्प्लेक्समधल्या बायकांनी जे केलं ते आठवलं की आता हसू येतं. धनत्रयोदशीला पूजेसाठी घरी आणलेल्या पाटल्या, तोडे, तन्मणी सगळं परत बँकेत गेलं. एकीनं मंगळसूत्र फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीत ठेवलं. क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. एक तरुण पोलीस ऑफिसर येऊन म्हणाला, खुणांचा अर्थ काय ते माहीत नाही, पण काही वेगळं दिसलं तर फोन करा. मग काकूंनी उठून सांगितलं की परवा भरदुपारी कुणीतरी त्यांच्या दाराचं नॉब फिरवलं. किल्लीचाही आवाज आला. त्या वरून बघेपर्यंत माणूस निघून गेला होता. दुसऱ्या गल्लीतला एक गोरा माणूस, ज्याच्याशी इतक्या वर्षांत आमचं हाय-हॅलोपलीकडे बोलणं नव्हतं, शांतपणे म्हणाला की त्याच्या दाराशी कुणी असं केलं तर तो पोलिसांची वाट बघणार नाही. त्याच्याकडे बंदूक आहे. मी मान डोलावली. होय, मीही डोलावली.

ते दिवसच तसे होते. दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरनंतर सबंध देशाला माझा आजार झाला होता. ट्रेनमध्ये पाट्या, स्टेशनवर पाट्या: काही संशयास्पद दिसलं तर सांगा. मिलिंद दाढी वाढवत नव्हता. मी ट्रेनमध्ये फोनवर मराठी बोलताना आवाज खाली घ्यायचे. आपल्याकडे कुणी संशयानं बघू नये म्हणून आपण दुसऱ्याकडे आधी बघायचं, असा काहीतरी हिशोब मनात असायचा. आणि ह्या सगळ्यातून एक म्हातारा माणूस लाल टोपी घालून, हातात काठी घेऊन, फ्रान्सच्या डोंगरांतून चालत होता. मीटिंगबद्दल मी बाबांना सांगितलं तेव्हा ते वरण कालवत होते. "कोण असेल हो?" मी विचारलं. ते म्हणाले, "पोट्टे असतील." आणि त्यानंतर जेवले नाहीत. मला वाटलं, जिलबी खाऊन आले असतील.

शुक्रवारी मी दिवाळीच्या साफसफाईसाठी सुट्टी घेतली होती. बाबा सकाळीच चालायला गेले होते. त्यांच्या खोलीतली गादी उलटी केली, खिडकी पुसली, पुस्तक उचलून झटकलं. मी पुस्तकं झटकतेच, आत काय असेल सांगता येत नाही. आत काही नव्हतं. पण ते इतक्या वेळा एकाच ठिकाणी उघडलं गेलं होतं की माझ्या हातात आपोआप त्याच पानावर उघडलं.

त्या पानावर तीन छोटी चित्रं होती. पहिल्यात दोन आडवे पट्टे, वर पांढरा, खाली तांबडा. खाली लिहिलं होतं, तुम्ही बरोबर वाटेवर आहात. दुसऱ्यात त्याच पट्ट्यांखाली बाण, इथे वळा. तिसऱ्यात एक पांढरी आणि एक तांबडी रेघ, फुली. ही तुमची वाट नव्हे. मागे फिरा.

मी गादीवर बसले. आधी बोटांचा वास आठवला. नेलपॉलिश! मग दार आपटणारी सई आठवली. मग काकूंच्या दारावर फिरलेलं नॉब. आमची सगळी घरं म्हणजे एकाच पात्रातल्या इडल्या आहेत. तोच बदामी रंग, तेच गॅरेजचं दार, पुढे तोच मेपल. आमच्या गल्लीत डावीकडून चौथं घर आमचं, आणि काकूंच्या गल्लीत डावीकडून चौथं काकूंचं. फुल्या सगळ्या चौथ्या घरांपुढे होत्या. ज्या ज्या दाराला बाबांनी आपलं समजून किल्ली लावली, तिथून परत फिरताना त्यांनी फुली काढली होती. पुन्हा इथे यायचं नाही म्हणून. चाळीस वर्षं कालव्यांवर ज्यानं पाण्याला वाट दाखवली त्या माझ्या बापाला घर सापडत नव्हतं, आणि ते त्यानं मला सांगितलं नव्हतं.

मग मला तो शांत आवाजाचा माणूस आठवला. त्याचं घरही चौथंच होतं.

हातातलं पुस्तक तसंच घेऊन मी घरच्या चपला घालून धावले. खांबाखांबावरची खूण शोधत. हायड्रंटवर पट्टे, वळणावर बाण, इतका नीट, इतका बारीक, खात्यातल्या नकाशावर काढावा तसा. तळ्याशी पट्टे. चर्चच्या कुंपणाला पट्टे. पानं पायाखाली ओली होती, एकदा घसरले, उठले. धाप लागली तरी एक गोष्ट लक्षात येत होती. लांबच्या खुणा विरळ होत्या. घर जवळ येईल तशा त्या दाट होत गेल्या होत्या. लांबचं त्यांना आठवत होतं. जवळचं जात होतं.

परत कॉम्प्लेक्समध्ये येऊन आधी त्या माणसाच्या गल्लीत गेले. त्याच्या दारासमोर कुणी नव्हतं. त्याच्या खांबावर फुली होती. म्हणजे बाबा इथेही येऊन गेले होते, कधीतरी, आणि काही झालं नव्हतं. मी त्या खांबाला धरून उभी राहिले. मग वळून काकूंच्या गल्लीत आले, आणि लाल टोपी दिसली.

बाबा काकूंच्या दारात होते. समोरच्या खांबावरच्या फुलीवर कुणीतरी हॅलोविनचं कोळ्याचं जाळं ताणलं होतं. ती त्यांना दिसलीच नव्हती. किल्ली कुलपात घालून ते शांतपणे फिरवत होते, परत काढत होते, पुसत होते, परत घालत होते. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी वळत होती. काकूंनी फोन केला होता.

"बाबा!" मी ओरडले. दार आतून उघडलं. काकू उभ्या होत्या, एका हातात फोन, दुसऱ्यात लाटणं. त्यांनी बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या चपलांकडे, माझ्या हातातल्या उघड्या पुस्तकाकडे. मी पुस्तक फक्त पुढे केलं. काकूंनी ती तीन चित्रं बघितली आणि मग आपल्या खांबाकडे बघितलं.

पोलीस ऑफिसर येऊन उभा राहिला तेव्हा काकू म्हणाल्या, "ऑफिसर, सॉरी. ही इज माय गेस्ट. ही केम फॉर टी." आणि लाटणं मागे लपवत म्हणाल्या, "माय डोअर इज व्हेरी स्टिकी."

ऑफिसरनं बाबांना विचारलं, "यू ऑलराइट, सर?" बाबांनी लाल टोपी काढून हातात घेतली. साहेब आला की खात्यात काढायचे तशी. मला ते बघवेना.

काकूंनी चहा केला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बाबा बसले आणि खिडकीकडे बघत हळूच मला म्हणाले, "वैशू, पडदे काहून बदलले?"

काकूच म्हणाल्या, "जुने विटले होते, भाऊ. चहा घ्या. बिनसाखरेचा आहे." अर्धा चहा झाल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्यांनी फ्रीजकडे पाहिलं, भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे पाहिलं, आणि कान लाल होईपर्यंत खाली मान घातली. मी त्यांना इतकं लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

घरी येताना ते खूण लागली की काठीनं तिला हलकेच टेकत होते. मध्येच म्हणाले, "तुला संशय नाही आला?"

"नाही."

"कमाल आहे. तुला तर दुधाचाही येतो." आणि मग, पुढच्या खुणेला काठी टेकून, "परत नको पाठवू गं नागपूरला. तिथं कुलूप आहे."

मी रस्त्यावरच रडले. मग दोघं घरी आलो. शंभर दारांवर पहारा ठेवला मी. स्वतःच्या बापाच्या चेहऱ्याकडे बघायचं मात्र राहून गेलं. त्यात फक्त जिलबी शोधली.

काकूंनी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. मला आजही ह्यावर विश्वास बसत नाही, आणि माझा बसत नाही म्हणजे बघा. त्या एकेका दारी गेल्या, त्या शांत आवाजाच्या माणसाच्या दारी तर स्वतः चकल्या घेऊन, आणि सगळ्यांना सांगून आल्या की खुणा कुणा शाळेच्या नेचर प्रोजेक्टच्या आहेत, त्यांनी स्वतः चौकशी केली आहे. काकूंनी चौकशी केली म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मंगळसूत्र मटारातून बाहेर आलं. शनिवारी काही उत्साही मंडळी खांब घासायला निघाली तर काकू म्हणाल्या, "राहू द्या हो. मुलांनी मेहनत केली आहे." त्यांच्या समोरची फुली अजून आहे.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. त्यानंतर बाबा एकटे बाहेर गेले नाहीत. मी जायचे बरोबर. फ्रान्स राहिलाच. पण त्या दोन वर्षांत आम्ही पुस्तकातल्या बऱ्याच वाटा संपवल्या. तळ्याकाठी बसून बाबा वाचायचे, नंतर मी वाचायचे, आणि ते ऐकायचे. रानातून बाहेर आलं की आधी घंटा, मग गाव. खुणा घरात आल्या. त्यांच्या बाथरूमच्या दारावर पट्टे, बेसमेंटच्या जिन्यावर फुली. सईनं त्या काढल्या, माझ्याच लाल नेलपॉलिशनं. नवी बाटली, सील फोडून मीच दिली होती.

आणि ही पानगळ. इथे नोकऱ्या जाताहेत, बँका बुडताहेत, ऑफिसात प्रत्येक जण दुसऱ्याच्या बंद दाराकडे बघतोय. आता संशय घ्यायची पाळी बाबांची. ते घड्याळ उशीखाली लपवतात. दूध हुंगून बघतात. मी औषध दिलं की विचारतात, "हे तुम्हाला कोणी दिलं?" मला. तुम्हाला. ज्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं त्या दिवशी मी गॅरेजमध्ये गाडीत बसून राहिले. एवढा आदर मला कुणाकडूनही नको होता.

काल दुपारी आम्ही तळ्याशी गेलो होतो. परतायची वेळ झाली तर बाबा बाकावरून उठेनात. मी हात धरला तर झटकला. "मी तुम्हाला ओळखत नाही. माझी मुलगी येईल मला न्यायला." कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली, फोन हातात घेऊन आमच्याकडे बघायला लागली. तिच्या जागी मी असते तर मीही थांबले असते. वारा सुटला होता, पानं बाबांच्या लाल टोपीवर पडत होती. "बाबा, मी वैशू," मी म्हणत राहिले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. माझी भीती.

काल सकाळीच मी बाथरूमच्या दारावरची पुसट झालेली खूण पुन्हा रंगवली होती. हात हलला आणि अंगठ्याच्या नखाला रंग लागला. मग वेड्यासारखं, काही विचार न करता, मी त्याच नखावर वर व्हाइटनरची रेघ ओढली होती.

तो अंगठा मी त्यांच्यासमोर धरला.

बाबांनी आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग माझा हात धरून जवळ नेला, उजेडाकडे वळवला. फुली तर नाही ना, हे नीट बघितलं. रंग खरा आहे का म्हणून आपल्या नखानं थोडा खरवडला. वर पांढरी. खाली तांबडी. मग काठी टेकून उठले.

"तुम्ही कोण ते काही ध्यानात नाही येऊन राहिलं," ते म्हणाले, "पण वाट बरोबर आहे. चला."